ईबी-वन-ए ची फाइल: वाचकांचे प्रश्न

अमेरिकेत ‘असामान्य क्षमता’ असलेल्यांसाठी ग्रीन कार्डाचा जो वेगळा वर्ग आहे, म्हणजे ईबी-वन-ए, त्याबद्दल आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. ब्रिटनच्या ग्लोबल टॅलेंट व्हिसाबद्दलही एक पत्र आहे, ते शेवटाकडे. फीचे आकडे जिथे दिलेत तिथे ते कधीचे तेही दिलं आहे. हे दर बदलत राहतात, तेव्हा पैसे भरायच्या दिवशी सरकारी संकेतस्थळावरचा आकडा पाहूनच भरावेत.

प्रश्न: मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये नोकरीसाठीच्या एच-वन-बी व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचा बोजा आल्यापासून ऑफिसात जो तो ईबी-वन-ए चं नाव घेतो. पण हा मार्ग नोबेलवाल्यांचा ना? माझ्याकडे एकही पुरस्कार नाही.

उत्तर: नोबेलच्या तोडीचा एक पुरस्कार असेल तर बाकी निकष दाखवावे लागत नाहीत, त्यावरून हा समज पसरला. नियमात दुसरी वाट आहे. दहा निकष दिले आहेत आणि त्यांतल्या किमान तिनांत तुम्ही बसलं पाहिजे. ते असे: राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय पातळीवर मान्यता असलेले पुरस्कार, कर्तृत्व पारखूनच प्रवेश देणाऱ्या संस्थांचं सदस्यत्व, तुमच्याबद्दल माध्यमांत आलेला मजकूर, इतरांच्या कामाचं परीक्षण, क्षेत्राला पुढे नेणारं मूळ योगदान, विद्वत्तापूर्ण लेख, कलाकृतींची प्रदर्शनं, नामवंत संस्थेतली प्रमुख किंवा निर्णायक भूमिका, क्षेत्रातल्या इतरांच्या तुलनेत बराच जास्त पगार, आणि सादरीकरणाच्या कलांत व्यावसायिक यश. इंजिनिअरच्या फाइलीत सहसा भूमिका, पगार, परीक्षण आणि मूळ योगदान हे चार येतात. पुरस्कारावाचून अडत नाही.

मोठी सोय ही की मालक लागत नाही, लेबर सर्टिफिकेशन (त्या कामाला अमेरिकेत माणूस मिळत नाही असा सरकारी दाखला) लागत नाही. आय-१४० हा अर्ज स्वतःचा स्वतः करता येतो. फक्त अमेरिकेत जाऊन त्याच क्षेत्रात काम करणार आहात हे दाखवावं लागतं. त्यासाठी करार, बोलावण्याची पत्रं, किंवा काय करणार याचं तुमचं स्वतःचं तपशीलवार निवेदन चालतं.

मात्र ‘तीन निकष भरले की झालं’ ही या विषयातली सगळ्यांत महागात पडणारी समजूत आहे. २०१० सालच्या कझारियन खटल्याच्या निकालापासून यूएससीआयएस (असे अर्ज तपासणारं अमेरिकेचं सरकारी खातं) फाइल दोन टप्प्यांत तपासतं. पहिल्या टप्प्यात निकषांची मोजणी होते. दुसऱ्यात अधिकारी सगळी फाइल समोर ठेवून एकच गोष्ट ठरवतो: हा माणूस आपल्या क्षेत्रातल्या अगदी वरच्या मोजक्या लोकांत आहे का, आणि ते स्थान टिकून आहे का. जेमतेम तीन निकष ओढूनताणून भरलेल्या फाइली इथे पडतात.

म्हणून कामाला लागण्याआधी आपलं क्षेत्र एका वाक्यात लिहून काढा. ‘सॉफ्टवेअर’ असं लिहिलंत तर जगभरातल्या सगळ्या सॉफ्टवेअरवाल्यांशी तुमची तुलना होईल. ‘अमुक कंपनीच्या अमुक प्रणालीची देखभाल’ असं लिहिलंत तर हे क्षेत्रच नव्हे, असं अधिकारी म्हणेल. ‘ऑनलाइन व्यवहारांतली फसवणूक ओळखणाऱ्या प्रणाली’ हे ठीक: त्यात परिषदा आहेत, जर्नलं आहेत, कंपन्या आहेत, म्हणजे ‘वरचे मोजके’ कोण ते सांगता येतं. पुढचा प्रत्येक पुरावा या एका वाक्याला जोडता आला पाहिजे. जो जुळत नाही तो कितीही भारी वाटला तरी बाजूला ठेवा.

प्रश्न: माझ्याकडे आयईईई या अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेचं सीनियर सदस्यत्व, दोन पेटंटं, जर्नलांकडून आलेली परीक्षणाची वीसेक निमंत्रणं आणि चांगला पगार आहे. म्हणजे चार निकष झाले असं धरू का?

उत्तर: जसंच्या तसं दिलंत तर कदाचित एकही नाही. एकेक पाहू.

सीनियर सदस्यत्वाला दहा वर्षांचा व्यावसायिक अनुभव आणि त्यात काही वर्षांची ठळक कामगिरी लागते. अधिकारी त्याला बहुधा अनुभवाचा दाखला समजतात, असामान्य कर्तृत्वाचा नाही. त्याच संस्थेची फेलोशिप ही वेगळी गोष्ट, ती यूएससीआयएसच्या मार्गदर्शक पुस्तिकेत उदाहरण म्हणूनच दिली आहे. वर्गणी भरून मिळणारं कोणतंही सदस्यत्व फाइलीत घालू नका. त्याने शेजारचे चांगले पुरावेही हलके दिसतात.

परीक्षणाचं निमंत्रण हा पुरावा नव्हे. परीक्षण केलं हे दाखवावं लागतं. प्रत्येक पूर्ण केलेल्या परीक्षणासाठी संपादकाचा आभाराचा ईमेल किंवा जर्नलच्या प्रणालीतली ‘पूर्ण’ अशी नोंद जोडा, आणि ते जर्नल कोणत्या दर्जाचं आहे याचं एक पान. निमंत्रणं वीस आणि पूर्ण केलेली सहा असतील तर सहाच दाखवा.

पेटंटाने कल्पना तुमची आहे एवढं सिद्ध होतं. ती महत्त्वाची आहे हे त्यातून निघत नाही, आणि निकषात दोन्ही हवं आहे. पेटंट कुणी परवान्यावर घेतलं का, कोणत्या उत्पादनात गेलं, दुसऱ्या कंपन्यांच्या पेटंटांत त्याचा उल्लेख आहे का, त्याने किती खर्च वाचला, हे कागदावर यायला हवं. दहांपैकी हा निकष सर्वांत कठीण आहे, त्यामुळे वेळ सर्वांत जास्त इथे द्या.

पगाराची गोष्ट सोपी, पण लोक नेमकी उलटी करतात. भारतातला पगार डॉलरमध्ये बदलून अमेरिकन पगाराशी ताडून पाहतात आणि निराश होतात. मार्गदर्शक पुस्तिकेनुसार तुलना त्या त्या देशातल्या पगारांशी व्हायची आहे. फॉर्म १६, पगाराच्या पावत्या, नेमणूकपत्र, आणि त्याच शहरातल्या, त्याच कामाच्या, तेवढ्याच अनुभवाच्या लोकांच्या पगाराची विश्वासार्ह आकडेवारी एवढं जोडा. शेअरचे हक्क धरले असतील तर ते प्रत्यक्ष हातात आल्याचा कागदही लागेल. पुढे मिळणारा पगारही धरता येतो, पण त्यासाठी विश्वासार्ह करार किंवा नोकरीचा देकार कागदावर हवा.

तुमच्या पत्रात निर्णायक भूमिकेचा उल्लेखच नाही. बहुधा तीच तुमची सर्वांत भक्कम बाजू असेल. पद काय होतं याला इथे फार अर्थ नसतो. संस्थेला त्या कामामुळे काय मिळालं, हे तुमच्या कामाची प्रत्यक्ष माहिती असलेल्या वरिष्ठाने आकड्यांसकट लिहून द्यावं लागतं, आणि संस्था नामवंत आहे याचे पुरावे वेगळे लागतात.

प्रश्न: एक एजंट काही लाखांत ‘प्रोफाइल बिल्डिंग’ करून देतो म्हणतो: एक आंतरराष्ट्रीय पुरस्कार, तीन शोधनिबंध, दोन मुलाखती आणि एक फेलोशिप, सगळं सहा महिन्यांत. घ्यावं का?

उत्तर: नाही. नैतिकता क्षणभर बाजूला ठेवली तरी हिशेब जुळत नाही. ज्याचं प्रवेशशुल्क भरलं की कुठला तरी विभाग मिळतोच, असे पुरस्कार अधिकाऱ्यांच्या रोजच्या पाहण्यातले आहेत. पंधरा वर्षांची कारकीर्द आणि सगळा नावलौकिक मात्र अर्जाआधीच्या सहा महिन्यांतला, हे तारखांची यादी केली की पहिल्या पानावरच दिसतं. दुसऱ्याने लिहिलेल्या निबंधावर आपलं नाव घालून तो पुरावा म्हणून दिला, तर प्रश्न नुसत्या नकाराचा राहत नाही. महत्त्वाच्या बाबतीत जाणूनबुजून दिशाभूल केली असा ठपका आला, तर अमेरिकेचा दरवाजा कायमचा बंद होऊ शकतो. त्यातून सवलत मागायलाही अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक जोडीदार अथवा आई-वडील असावे लागतात. अर्जावर सही तुमची असते, एजंटाची नाही.

खरं काम करून फाइल भक्कम करणं याला कुणाची हरकत नाही. परिषदेत निबंध पाठवा, परीक्षणाची कामं घ्या, आपल्या विषयावर नियतकालिकात लिहा. याला दीड-दोन वर्षं लागतात.

प्रश्न: मी तबलावादक आहे. मराठी वृत्तपत्रांतली कात्रणं ढीगभर आहेत, सत्कारही खूप झालेत. इंग्रजीत मात्र जवळजवळ काही नाही. एवढ्यावर अर्ज टिकेल का?

उत्तर: भाषा अडसर नाही. अडतं ते कात्रणात काय लिहिलंय यावर. ‘तबल्यावर अमुक यांनी समर्पक साथ केली’ हे वाक्य असलेली चाळीस परीक्षणं म्हणजे तुमच्याबद्दलचा मजकूर नव्हे. तो मुख्य गायकाबद्दलचा मजकूर आहे. लेख सगळाच तुमच्यावर हवा असं नाही, पण तुमच्या वादनाची चर्चा त्यात ठसठशीत असायला हवी. एकलवादनाचं परीक्षण, मुलाखत, घराण्यावरच्या लेखात तुमच्या रियाजावर आणि रचनांवर आलेले दोन-तीन परिच्छेद, असं निवडा. कार्यक्रमाची जाहिरात किंवा ‘आजचे कार्यक्रम’मधली ओळ यात मोजली जात नाही.

निवडलेलं प्रत्येक कात्रण असं तयार करा. आधी पूर्ण पानाचा स्कॅन, वृत्तपत्राचं नाव आणि तारीख दिसेल असा. तारीख कापलेलं कात्रण जवळजवळ निरुपयोगी. मग त्याचं संपूर्ण इंग्रजी भाषांतर. सारांश किंवा ‘महत्त्वाचा भाग’ चालत नाही. भाषांतराखाली भाषांतरकाराचं निवेदन: आपल्याला दोन्ही भाषा येतात आणि भाषांतर पूर्ण व अचूक आहे, पुढे सही, नाव, पत्ता, तारीख. नोटरीची गरज नसते. घरातल्या माणसाने किंवा स्वतः भाषांतर करू नये, उगाच शंकेला जागा राहते. शेवटी वृत्तपत्र मोठं आहे याचा पुरावा म्हणून ऑडिट ब्युरो ऑफ सर्क्युलेशन्सचा खपाचा आकडा किंवा तसाच बाहेरचा दाखला.

यात मराठी वृत्तपत्रांची एक खास अडचण आहे. नियमाला लेखाचं शीर्षक, तारीख आणि लेखकाचं नाव हवं असतं, आणि आपल्याकडे बातमीवर ‘प्रतिनिधी’ एवढंच असतं. नाव असलेले लेख आधी निवडा. अगदीच हवं असेल तिथे लेख कुणी लिहिला याचं पत्र संपादकीय विभागाकडून मिळवा. पाच वर्षांनी ते मिळणं कठीण जातं, तेव्हा यापुढे छापून आलं की त्याच महिन्यात मागून ठेवा.

सत्कारांचं म्हणाल तर शाल-श्रीफळाचे फोटो वगळा. पुरस्कार म्हणून तोच ठेवा ज्याचे निवडीचे निकष, परीक्षकांची नावं आणि देशपातळीवरची दखल कागदावर दाखवता येते. संगीत नाटक अकादमीचा उस्ताद बिस्मिल्ला खाँ युवा पुरस्कार चाळीस वर्षांपर्यंतच्या कलावंतांसाठी असला, तरी तेवढ्याने तो बाद ठरत नाही. वयाची अट असलेल्या पुरस्कारालाही राष्ट्रीय मान्यता असू शकते, ती तुम्ही दाखवायची. व्यावसायिक यशाचा निकष शास्त्रीय संगीतात सहसा सोडून द्यावा. तिथे तिकीटविक्री आणि ध्वनिमुद्रिकांच्या खपाचे आकडे लागतात, आणि आपल्या बऱ्याच मैफली प्रायोजकांच्या जिवावर विनामूल्य होतात.

आणखी एक खाच. अमेरिकेत जाऊन मुख्यतः क्लास घेणार असं निवेदनात लिहिलंत, तर वादक म्हणून असलेली कीर्ती शिक्षक म्हणून कशी लागू होते, हा प्रश्न येतो. असे अर्ज यावर पडलेले आहेत. मैफलींची निमंत्रणं, करार, दौऱ्याचा आराखडा पुढे ठेवा. शिकवणं दुय्यम राहू द्या.

फाइल अजून कच्ची वाटली तर कलावंतांसाठीचा ओ-वन-बी हा तात्पुरता व्हिसा आधी पाहा. तो कायमचा नाही, एका वेळी तीन वर्षांपर्यंत मिळतो, आणि त्याला अमेरिकेतला मालक किंवा एजंट अर्जदार म्हणून लागतो. पण कसोटी खालची आहे, आणि त्या काळात इंग्रजी कात्रणंही जमतात. ओ-वन मिळाला म्हणून पुढे ईबी-वन-ए मिळेलच असं मात्र नाही.

प्रश्न: शिफारसपत्रं किती हवीत? आमचे विभागप्रमुख आणि माझे गाइड द्यायला तयार आहेत.

उत्तर: नियमात संख्या नाही. पाच ते आठ पुरतात. त्यांतली निम्मी तरी अशा लोकांची असावीत ज्यांनी तुमच्यासोबत काम केलेलं नाही, पण तुमचं काम वापरलं आहे. गाइडांचं पत्र तुम्ही नेमकं काय केलंत हे सांगतं. बाहेरच्याचं पत्र त्याचा जगावर काय परिणाम झाला ते सांगतं. दुसरं जास्त वजनदार.

‘हे अत्यंत हुशार, कष्टाळू संशोधक असून त्यांचं काम जागतिक दर्जाचं आहे’ या वाक्याची किंमत शून्य. त्याऐवजी असं हवं: ‘२०२१ साली त्यांनी मांडलेली पद्धत आम्ही आमच्या प्रयोगशाळेत स्वीकारली. पूर्वी एका नमुन्याला सहा तास लागत, आता चाळीस मिनिटं लागतात. आमचे त्यानंतरचे दोन निबंध याच पद्धतीवर उभे आहेत.’ आणि ते दोन निबंध, उल्लेख केलेल्या ओळीसकट, फाइलीत वेगळे जोडलेले असावेत. पत्रातल्या प्रत्येक दाव्यामागे कागद असला पाहिजे, कागद नसेल तर दावा काढून टाका.

मसुदा तुम्ही करून देणं सर्रास चालतं. पण आठ पत्रांत तेच विशेषण आणि तीच वाक्यरचना दिसली की आठही पत्रं एका हातची ठरतात. लिहिणाऱ्याला मुद्दे द्या, वाक्यं त्याची असू द्या.

प्रश्न: सगळं मिळून किती दिवस आणि किती पैसे?

उत्तर: एप्रिल २०२४ पासूनच्या दरांनुसार आय-१४० ची फी ७१५ डॉलर आणि असायलम प्रोग्रॅम फी स्वतः अर्ज करणाऱ्याला ३०० डॉलर. या दोन्ही फी स्वतंत्रपणे भरायच्या असतात. एकत्र भरल्या किंवा रक्कम चुकली तर पाकीट न उघडल्यासारखं परत येतं. त्यात गेलेले आठवडे तुमच्या रांगेतूनही जातात, कारण प्रायॉरिटी डेट (रांगेतली तुमची जागा ठरवणारी तारीख) अर्ज नीट स्वीकारला गेला त्या दिवसापासून धरतात. आय-९०७ भरून प्रीमियम प्रोसेसिंग घेतलं तर कामकाजाच्या १५ दिवसांत उत्तर येतं: मंजुरी, नकार किंवा आणखी पुराव्याची मागणी. त्याची फी २०२४ मध्ये २,८०५ डॉलर होती. ती वेळोवेळी वाढवली जाते.

पण भारतात जन्मलेल्यांची खरी प्रतीक्षा मंजुरीनंतर सुरू होते. नोकरीवर आधारित सगळ्या वर्गांना मिळून वर्षाला साधारण १,४०,००० व्हिसा असतात, आणि कोणत्याही एका देशाच्या वाट्याला सात टक्क्यांची मर्यादा. २०२५ च्या एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत व्हिसा बुलेटिनमध्ये (कोणत्या तारखेपर्यंतच्या अर्जांचा नंबर लागला हे सांगणारं अमेरिकन सरकारचं मासिक पत्रक) भारताची ईबी-वन तारीख १५ फेब्रुवारी २०२२ वर थांबलेली होती. म्हणजे त्यापूर्वी अर्ज केलेल्यांनाच नंबर, साडेतीन वर्षांची रांग. ती पुढे सरकते, अडते, कधी मागेही जाते. प्रीमियमने ही रांग एका दिवसानेही लहान होत नाही.

रांग जन्माच्या देशावरून ठरते, पासपोर्टावरून नाही. जोडीदाराचा जन्म दुसऱ्या देशात झाला असेल, समजा आई-वडील नोकरीसाठी मस्कतला असताना, तर त्या देशाच्या रांगेत दोघांना उभं राहता येतं. आणि पूर्वी एखाद्या कंपनीमार्फत ईबी-टू किंवा ईबी-थ्री या नोकरीवर आधारित दुसऱ्या वर्गांत तुमचा आय-१४० मंजूर झाला असेल तर ती जुनी तारीख नव्या अर्जाला लावता येते. जुन्या मंजुरीची प्रत शोधून फाइलीत घालाच. २०१५ ची तारीख हाती असेल तर रांगच उरत नाही.

नंबर लागला की भारतात असणाऱ्यांचं काम नॅशनल व्हिसा सेंटरकडे जातं. डीएस-२६० हा फॉर्म, माणशी फी (२०२५ मध्ये ३४५ डॉलर), जन्माचा दाखला, पासपोर्ट कार्यालयाचं पोलिस क्लिअरन्स सर्टिफिकेट, ठरवून दिलेल्या डॉक्टरांकडे वैद्यकीय तपासणी, आणि मुलाखत, जी बहुतेकांची मुंबईच्या वाणिज्य दूतावासात होते. जन्मनोंद उशिरा झालेली किंवा नावाविना असेल तर ते आत्ताच दुरुस्त करून घ्या. नगरपालिकेचं काम व्हिसाच्या तारखेकडे पाहून होत नाही.

प्रश्न: सप्टेंबर २०२५ मध्ये गोल्ड कार्ड आलं. दहा लाख डॉलर दिले तर रांग चुकते का?

उत्तर: नाही. गोल्ड कार्ड आणणाऱ्या राष्ट्राध्यक्षांच्या आदेशानुसार ही देणगी हा असामान्य क्षमतेचा पुरावा धरला जातो, पण व्हिसा ईबी-वन आणि ईबी-टू च्याच कोट्यातून येतो.

प्रश्न: माझी मुलगी १८ वर्षांची आहे. रांग लांबली तर तिला आमच्यासोबत येता येईल का?

उत्तर: २१ वर्षांखालची अविवाहित मुलं आई-वडिलांच्या अर्जात येतात. रांगेत वय उलटू नये म्हणून चाइल्ड स्टेटस प्रोटेक्शन अ‍ॅक्टचा हिशेब आहे: व्हिसा उपलब्ध झाला त्या दिवशीच्या वयातून आय-१४० जितके दिवस प्रलंबित होता तितके वजा करायचे.

इथे प्रीमियम उलटं पडू शकतं. समजा व्हिसा उपलब्ध होईल तेव्हा ती २१ वर्षं ३ महिन्यांची असेल. साध्या प्रक्रियेत आय-१४० ला आठ महिने लागले असतील, तर हिशेबी वय २० वर्षं ७ महिने आणि ती आत. प्रीमियमने तीन आठवड्यांत मंजुरी घेतली असेल, तर हिशेबी वय २१ च्या वर आणि ती बाहेर. तारीख जवळ आहे आणि मूल सीमारेषेवर आहे अशा घरांनी प्रीमियमची घाई करण्याआधी कॅलेंडर घेऊन बसावं. नंबर लागल्यापासून वर्षभरात तिच्यासाठी पाऊल उचलावं लागतं (डीएस-२६० भरणं किंवा व्हिसाची फी भरणं), आणि तिचं लग्न झालेलं नसावं.

प्रश्न: अर्जावर आणखी पुराव्याची मागणी आली आहे. वकील म्हणतात घाबरू नका.

उत्तर: बरोबर म्हणतात. मागणी म्हणजे नकार नव्हे. उत्तराला जास्तीत जास्त बारा आठवडे मिळतात, मुदतवाढ नाही, आणि उत्तर एकदाच द्यायचं असतं. अर्धं आज पाठवून उरलेलं नंतर, असं जमत नाही. पत्रात कोणता निकष मान्य केलाय तो आधी वाचा, त्यावर पुन्हा पानं खर्चू नका. जुनेच कागद जाड अक्षरांत पाठवणं ही नेहमीची फसलेली युक्ती. अधिकाऱ्याने ज्या वाक्यावर शंका घेतली, त्याच वाक्याला नवा कागद हवा. नकार आलाच तर पुन्हा अर्ज करायला बंदी नाही, पण नाकारलेल्या अर्जाची तारीख मिळत नाही.

प्रश्न: अर्ज केल्यानंतर मुलाला भेटायला पर्यटक व्हिसावर जाता येईल का?

उत्तर: आय-१४० भरला म्हणजे कायमचं जायचा इरादा तुम्ही सरकारला लेखी कळवला. पर्यटक व्हिसाच्या डीएस-१६० या फॉर्ममध्ये असा अर्ज झालाय का, हे थेट विचारतात, आणि उत्तर खरंच द्यायचं. त्यामुळे नवा पर्यटक किंवा विद्यार्थी व्हिसा अवघड होतो. एच-वन-बी आणि ओ-वन ला ही अडचण येत नाही. घरात कुणाला अभ्यासासाठी जायचं असेल तर अर्जाचा क्रम आधी ठरवा.

प्रश्न: एवढी रांग असेल तर ब्रिटनचा ग्लोबल टॅलेंट बरा का?

उत्तर: वेळेच्या हिशेबात नक्कीच. तिथे देशवार रांग नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये सुरू झालेला हा व्हिसा दोन पायऱ्यांत मिळतो: आधी मान्यता, मग तीन महिन्यांच्या आत व्हिसाचा अर्ज. मान्यता क्षेत्रानुसार वेगवेगळ्या संस्था देतात: विज्ञानासाठी रॉयल सोसायटी, अभियांत्रिकीसाठी रॉयल अ‍ॅकॅडमी ऑफ इंजिनिअरिंग, मानव्यविद्यांसाठी ब्रिटिश अ‍ॅकॅडमी, कलांसाठी आर्ट्स काउन्सिल इंग्लंड, डिजिटल तंत्रज्ञानासाठी टेक नेशन. मंजूर संशोधन निधीवर जाणाऱ्यांसाठी यूकेआरआय, ही संशोधनाला निधी देणारी ब्रिटनची सरकारी संस्था.

शिस्त अमेरिकेच्या नेमकी उलट. टेक नेशनला तीन शिफारसपत्रं आणि जास्तीत जास्त दहा पुरावे चालतात, प्रत्येक तीन ए-फोर पानांचा. पाचशे पानांची ईबी-वन-ए फाइल तिथे फेकून द्यावी लागते. दहा पुराव्यांत एकच गोष्ट तीनदा सांगणं हे तिथलं नेहमीचं पाप.

मान्यता प्रस्थापितांना वेगळी आणि होतकरूंना वेगळी मिळते. फरक पुढे कळतो: कला आणि डिजिटल तंत्रज्ञानात प्रस्थापिताला तीन वर्षांनी कायमचं वास्तव्य मागता येतं, होतकरूला पाच. विज्ञान-संशोधनात दोघांनाही तीन. जोडीदाराला मात्र मुख्य अर्जदाराला तीन वर्षांत कायमचं वास्तव्य मिळालं तरी पाच वर्षं पूर्ण करावी लागतात. कोणत्याही बारा महिन्यांत १८० दिवसांहून जास्त बाहेर राहिलात तर हिशेब बिघडतो. दौऱ्यावरच्या कलावंतांनी हे आधी मोजावं.

एप्रिल २०२५ मध्ये फी ७६६ पौंड होती: मान्यतेला ५६१ आणि व्हिसाला २०५. धक्का बसतो तो आरोग्य अधिभाराचा, २०२५ मध्ये प्रौढ माणसाला वर्षाला १,०३५ पौंड, सगळ्या वर्षांचा आगाऊ. त्या दराने पाच वर्षांसाठी नवरा-बायकोचे १०,३५० पौंड हाताशी हवेत. किती वर्षांचा व्हिसा हवा ते, एक ते पाच, तुम्हीच सांगायचं असतं.

प्रश्न: ग्रीन कार्ड मंजूर झालं आहे, दोन महिन्यांत निघायचं. इथल्या गुंतवणुकीचं आणि आई-वडिलांचं काय?

उत्तर: आधी म्युच्युअल फंड. ग्रीन कार्डधारकाला जगभरच्या उत्पन्नावर अमेरिकेत कर लागतो, आणि भारतीय म्युच्युअल फंडांना तिथले नियम परदेशी निष्क्रिय गुंतवणूक कंपनी मानतात. करआकारणी जाचक, आणि साधारणपणे प्रत्येक फंडासाठी दरवर्षी ८६२१ हा स्वतंत्र फॉर्म. दहा एसआयपी असतील तर हिशेबनिसाची फीच परताव्याहून जास्त व्हायची. विकायचे असतील तर अमेरिकेत पाय ठेवण्याआधी विका; भारतातला भांडवली नफा कर भरावा लागेल, पण गोष्ट तिथेच संपते. बँकेची साधी बचत खाती एनआरओ (अनिवासी भारतीयांचं खातं) करून घ्या. परदेशातल्या सगळ्या खात्यांची बेरीज वर्षात एकदा जरी १०,००० डॉलरवर गेली तरी एफबार (परदेशी खात्यांची माहिती अमेरिकन सरकारला देणारा फॉर्म) भरावा लागतो, त्यात आईसोबतचं संयुक्त खातंही येतं.

आई-वडिलांसाठी लांब मुक्काम करायचा असेल तर नुसत्या कार्डावर विसंबू नका. सहा महिन्यांवर गेलात की नागरिकत्वासाठीचं सलग वास्तव्य तुटल्याचं गृहीत धरलं जातं. वर्षावर गेलात की कार्डावर परत प्रवेश मिळत नाही. आय-१३१ भरून री-एंट्री परमिट घ्या, ते दोन वर्षांपर्यंत चालतं. तो अर्ज अमेरिकेत असतानाच करावा लागतो आणि बोटांचे ठसेही तिथेच द्यावे लागतात, म्हणून परतीचं तिकीट ठशांच्या तारखेनंतरचं काढा.